जावई टायर

माझा थोरला भाऊ ड्रायव्हर. कारखान्यातल्या बायकांची ने-आण करणारी बस तो चालवायचा आणि त्याच बसने मी पॅकिंगच्या कामाला जाते. दादा तोंडाचा फटकळ, पण गाडीच्या बाबतीत हळवा. सकाळी चहाच्या आधी चाकांवरून हात फिरवून यायचा. वहिनी म्हणायची, "एवढं कधी माझ्याकडे बघितलं असतं तर!"

बसमालकाच्या सगळ्या गाड्यांत मिळून चांगल्या टायरांचा संच एकच. तपासणीची तारीख आली की तो चढवायचा, शिक्का मिळाला की उतरवून पुढच्या गाडीला. ड्रायव्हर त्या टायरांना 'जावई' म्हणायचे. एक दिवस यायचे, मान घ्यायचे, निघून जायचे. बाकी वर्षभर आम्ही गुळगुळीत टायरांवर. दादाच्या बसच्या पुढच्या डाव्या टायरातून तर तार डोकावायला लागली होती. त्याने मालकाला दहादा सांगितलं. मालकाचं उत्तर ठरलेलं, "एवढा महिना काढ."

शेवटी रस्त्यात पोलिसांनी बस अडवली आणि टायर बघून जप्तच केली. दंड मालकाने भरला. त्याचं काय बिघडतंय! पण लायसन्स दादाचं, म्हणून सुनावणीही दादाचीच. मालकाने पढवलं होतं, "माहीत नव्हतं म्हण, सुटशील."

सुनावणीला मीही सोबत गेले होते. आरटीओच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा हा पठ्ठ्या म्हणतो, "माहीत नव्हतं कसं म्हणू? रोज हात लावून बघतो. ह्या मालकांना सांगून सांगून घसा बसला माझा."

"म्हणजे माहीत असून चालवलीत," साहेब म्हणाले. सहा महिने लायसन्स बंद.

मालक मागच्या बाकावर मोबाइल बघत बसला होता. त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं मला वाटलं. टायर घ्यायचे टाळले ह्याने आणि घरी बसायचं दादाने, हा कुठला न्याय? खोटं बोलला असता तर सुटला असता, ह्याचा तर जास्तच संताप आला.

बस सोडवायला पुन्हा जावई चढले. पोलिसांना दाखवून झाले आणि त्याच दुपारी उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या थांब्यावर बस आली, तर ड्रायव्हर नवा आणि टायर तेच, तारेसकट. मालक स्वतः पुढे बसून आला होता. मला सोडायला आलेला दादा त्याच्यावर तुटून पडला.

"तुझा आता काय संबंध?" मालक म्हणाला.

मी चढायचं नाही असं रात्रीच ठरवलं होतं. पण घरात आता पगार माझा एकटीचा. खाडे केले तर तोही जाणार. मनातल्या मनात मालकाला शिव्या हासडत मी पायरीवर पाय ठेवला. दादाने बघितलं, अडवलं नाही. तसाच वळून तो ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला.

"उतारावर जोरात ब्रेक मारू नकोस, गिअरवर उतरव," तो म्हणाला. "डावीकडचे खड्डे टाळ. माझी बहीण आहे आत."