दार उघडण्याची योग्य पद्धत

ड्रायव्हिंग स्कूलमधल्या बाई दिवसभर लोकांना मोटार शिकवत आणि घरी सायकलने जात. कुणी विचारलं तर म्हणत, "दिवसभर जीव दुसऱ्यांच्या हातात असतो. संध्याकाळी तेवढा आपल्या हातात असावा."

एका संध्याकाळी तोही राहिला नाही. औषधांच्या दुकानासमोर उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं आणि बाई त्यावर आदळून रस्त्यावर पडल्या. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते पुढे जुळलं तेही वाकडंच. तेवढं बाईंनी माफ केलं असतं. पण मोटारीतून उतरलेल्या गृहस्थाने आधी दार पाहिलं. ओरखडा रुमालाने पुसला. मग बाईंकडे वळून म्हणाला, "जरा बघून चालवत जा." बाईंना हाडापेक्षा तो रुमाल जास्त दुखला.

वर्षभराने त्याची बायको शिकायला आली. सोडायला तोच आला होता. त्याने बाईंना ओळखलं नाही. बाईंनी मात्र त्यालाही ओळखलं आणि ओरखड्यालाही.

घरी नणंदेला आनंद झाला. "वहिनी, आयती सापडलीय. अर्धवट शिकव. दोन खांब ठोकले की नवऱ्याच्या गाडीचा चेंदामेंदा."

"खांबांनी माझं काय घोडं मारलंय?"

"मग काय करणार?"

"नीट शिकवणार."

"झालं. तेव्हा डोक्यालाही मार बसला होता वाटतं."

बाईंनी खरंच नीट शिकवलं. सायकलशेजारून जाताना हात पसरता येईल एवढी जागा सोडायची. नसेल तर मुकाट मागे राहायचं, हॉर्न नाही. दार उघडताना दाराकडचा हात वापरायचा नाही, दुसरा आडवा न्यायचा. म्हणजे खांदा वळतो, खांद्याबरोबर मान, आणि मागून येणारा आपोआप दिसतो. यात बाईंनी पदरचं एक वाक्य घातलं. "गाडीतल्या प्रत्येक हाताला चालवणारा जबाबदार. मग हात कुणाचाही असो."

शिष्या हुशार होती आणि लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

लायसन्स मिळताच ती चालवू लागली आणि नवरा शेजारी बसू लागला. एकदा बाजारात बाईंच्या पुढेच ती मोटार थांबली. नवऱ्याचा हात दाराकडे गेला.

"दुसरा," उघड्या खिडकीतून आवाज आला.

"अगं, उशीर होतोय."

"दुसरा हात. आणि मागे बघा, आमच्या बाई येतायत. त्यांना आधी जाऊ द्या."

मागच्या सीटवरून त्याचे सासरे म्हणाले, "जावईबापू, ऐका तिचं."

जावईबापूंनी मान वळवली. बाई सायकलवरून उतरल्या. चेन जागच्या जागी होती, तरी वाकून तपासली. घंटी वाजते का तेही पाहिलं. मग सायकल हातात धरून रमतगमत त्या दारापर्यंत आल्या आणि पदर नीट करायला तिथेच थांबल्या. आत तो तसाच अवघडून बसला होता, हात छातीवर आडवा. त्याला काही आठवलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी घरी जायला बाजाराचाच रस्ता धरला. लांबचा पडतो, पण तब्येतीला बरा, असं त्या नणंदेला सांगतात.