मळणीच्या कवितेचा आशय

परवा हळदीची पुडी फोडली आणि त्या कडवट, मातकट वासानं मला सांगलीतल्या जुन्या खोलीवर नेलं. खाली हळदीचं गोदाम होतं. माझे कपडे, पुस्तकांची पानं, उशीसुद्धा त्याच वासाची.

एम.ए.च्या प्रवेश परीक्षेसाठी मी वडूजहून तिथं येऊन राहिले होते. क्लासचे सर कधी न वाचलेली कविता पुढ्यात टाकायचे; तिच्यातले अलंकार आणि आशय ओळखायचा. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा मला चटकन सापडायच्या. आशय मात्र हमखास चुकायचा.

एका दुपारी सरांनी मला थांबवून घेतलं.

"आगं, ही मळणीची कविता हाय. समदी खळ्यावर गाणी म्हणत्यात. हितं एकटेपणा कुठनं आणलास?"

"आवं सर, कडेला एक बैल एकटाच उभाय की."

सर हसले नाहीत. त्यांनी माझे आधीचे पेपर चाळले. कविता पावसाची असो, बाजाराची असो नाहीतर बारशाची, आशय म्हणून मी एकटेपणाच लिहिला होता. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"जेवतीस कुणासंगं?"

"डबा येतो खोलीवर," मी म्हणाले. मला रागच आला. मी मार्कांच्या काळजीत, आणि हे जेवणाचं काय काढतायत!

आता साताऱ्यात मीच कविता शिकवते. आशय चुकत नाही. परवा आमटी उतरवली आणि एकच ताट घेतलं, तेव्हा सरांचा प्रश्न आठवला. त्याचं उत्तर अजून तेच आहे. विचारणारं तेवढं कुणी नाही.