पत्ता पाचूबंदर

बाईंनी चावी माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली, एका बोटानं माझ्याकडे सरकवली आणि ते बोट रुमालाला पुसलं. चावीसोबत एक कागद होता. चाळीस वर्षांपूर्वी फळ्यावर दिसायचं तेच वळणदार अक्षर. सात नियम.

घरात मासळी शिजवायची नाही, शिजवून आणायचीही नाही. सोफ्यावर बसायचं नाही, प्लास्टिकच्या खुर्च्या गॅलरीत आहेत. फ्रिज बंद आहे, तो बंदच राहील. तुमच्याकडच्या माणसांनी भेटायला यायचं नाही. असं करत शेवटचा, सातवा: शेजाऱ्यांनी विचारलं तर कुठून आलो ते सांगायचं नाही.

"वास भिंतीत बसतो गं," बाई म्हणाल्या. "तुझा दोष नाही त्यात."

मी कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाले, "थँक्यू, बाई."

हे मी म्हणाले. आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला मी शूर वगैरे वाटायला नको.

बाई आम्हाला गणित शिकवायच्या. वसईच्या पाचूबंदरच्या, म्हणजे कोळीवाड्यातल्या, आम्ही चार मुली. चौघींना खिडकीजवळचा शेवटचा बाक. वारा लागू दे, म्हणायच्या. मी गणितात पहिली यायचे तरी बाक बदलला नाही. त्याच बाईंनी मला सवय लावली, काम डोक्यात ठेवायचं नाही, कागदावर ठेवायचं. ती सवय मला लागली. गेली बावीस वर्षं मी आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत बोटींची नोंद ठेवते. कुठली बोट कधी गेली, किती बर्फ घेऊन गेली, किती माणसं होती, कधी परतली. माझ्या वहीत खाडाखोड सापडत नाही.

आता फ्लॅट का लागला ते सांगते.

माझ्या नवऱ्याला, विल्सनला, लिम्फोमा आहे. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. केमोनं गेला, परत आला. मग त्याच्याच मूळ पेशी काढून ठेवल्या, जबर केमो दिली आणि त्या पेशी परत अंगात सोडल्या. ट्रान्सप्लांट म्हणतात त्याला. दीड वर्ष बरं गेलं. मग मानेत पुन्हा गाठ.

मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात पेशींच्या नव्या उपचारावर संशोधन चाललंय. माणसाच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, त्या वाढवायच्या आणि त्याच माणसाला परत द्यायच्या. डॉक्टर सरळ बोलले. हमी नाही, पण यापुढे आमच्याकडे काही नाही. जागा मोजक्या. कोणाला घ्यायचं ते एक समिती ठरवते. विल्सनचे सगळे रिपोर्ट बसले. एकच कागद राहिला, घराच्या तपासणीचा. हॉस्पिटलातून सोडल्यावर जंतुसंसर्गानं माणूस जाऊ शकतो, म्हणून घर आधी बघतात. योग्यच आहे. माझी तक्रार तपासणीबद्दल नाही.

तपासणी करणाऱ्या समन्वयक मुलीचा फोन आला. तिशीची असेल. तिनं पत्ता विचारला, मी सांगितला.

"पाचूबंदर म्हणजे ती मासळीची जेट्टी ना?"

"हो."

मग म्हणाली, "कुणा नातेवाइकाचा फ्लॅट नाही का, मावशी? बिल्डिंगचा पत्ता असला की कमिटीत प्रश्न येत नाहीत."

नातेवाइकांचे फ्लॅट नव्हते. बाईंच्या मुलाचा होता, विरार पश्चिमेला, आठव्या मजल्यावर, रिकामा. मुलगा परदेशात. बाई त्याच इमारतीत नवव्या मजल्यावर. विरार वसईच्याही पुढे, म्हणजे हॉस्पिटलपासून आणखी लांब. ते कुणाला खुपलं नाही. मलाही नाही.

मी यादी केली. काय न्यायचं, काय लपवायचं. विल्सनची बोटीवरची टोपी नको. पिशव्यांना दोनदा साबण. विल्सन तांडेल होता, बोटीचा प्रमुख. त्याला सांगितलं, तांडेल म्हणू नकोस, बोटीचा व्यवसाय म्हण.

"व्यवसाय," तो म्हणाला. "बरं. माशांना कळलं तर हसून मरतील."

मी हसले नाही. यादीत पुढची खूण केली. आज ती यादी बघते तेव्हा बाईंच्या कागदाच्या फोटोशेजारी ठेवून बघते. माझी जास्त लांब आहे.

तपासणीच्या दिवशी आम्ही वेळेआधी पोचलो. बाई आधीच येऊन सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांना बोलावलेलं नव्हतं. विल्सन मास्क लावून प्लास्टिकच्या खुर्चीत. मी उभी. समन्वयक मुलगी आली, फॉर्म काढला. बाईंना मॅडम. मला मावशी. घर आम्ही दाखवत होतो, प्रश्न बाईंना जात होते. रोज पुसून घेणार का? पाणी उकळणार का? ताप आला तर वेळेवर कळवणार का?

"मी वरच राहते," बाई म्हणाल्या. "यांना सांगितलं की कळतं. फक्त लक्ष ठेवावं लागतं."

मुलीनं मान हलवली आणि बरोबरची खूण केली. विल्सन समोर बसला होता. पंचवीस वर्षं आठ-आठ माणसं घेऊन समुद्रात गेला आणि आठच्या आठ परत आणली. त्याच्यावर आता लक्ष ठेवणार होत्या गणिताच्या बाई.

रुग्णासाठी स्वतंत्र स्वच्छतागृह. आहे. बरोबरची खूण.

तेवढ्यात विल्सन उठला. त्याला औषधांनी सारखं जावं लागतं. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, कुठल्या बाजूला?

बाई सोफ्यावरून उठून माझ्या कानाशी आल्या. पण मुलीलाही ऐकू गेलं असं.

"त्यांना खाली पाठव ना. वॉचमनच्या केबिनमागे आहे. आतलं आजच धुऊन घेतलंय."

आठ मजले. इमारतीत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस वापरतो ते. आणि ज्याला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप, त्याला तिथे पाठवायचं. मी समन्वयक मुलीकडे बघितलं. तिनं फॉर्मकडे बघितलं. नुकतीच केलेली ती खूण तिच्या अंगठ्याखाली होती. तिनं ती खोडली नाही. पान उलटलं.

विल्सन परत खुर्चीत बसला. "राहू दे," म्हणाला. "धरतो मी."

माझा नवरा कुणाला घाबरून गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता. तो घाबरला नव्हताही. माझी यादी पाळत होता.

मी बाथरूमचं दार उघडलं, दिवा लावला. म्हणाले, "आत जा."

तो गेला. आम्ही तिघी बाहेर. बाई त्या दाराकडे असं बघत होत्या की आता दारच बदलून घ्यावं लागणार. मी मुलीला सांगितलं, "पत्ता खोडा. आम्ही इथे राहत नाही. राहणारही नाही."

"अगं, मी तुझ्याचसाठी..." बाई सुरू झाल्या.

मी पर्समधून सात नियमांचा कागद काढला आणि मुलीच्या फॉर्मवर ठेवला. "हाही जोडा. या घरात रुग्णानं कसं राहायचं ते लिहिलंय." मुलीनं वाचला. सातव्यापर्यंत वाचला. बाईंनी हात पुढे केला होता. मुलीनं त्यांच्या हातात द्यायच्या आत मी मोबाईलवर फोटो काढून घेतला.

मग मी म्हणाले, पाचूबंदरला चला, आत्ता. ती म्हणाली वेळ नाही. मी म्हणाले, दोन तास तुम्ही माझ्यासाठीच आला आहात, त्यातला पाऊण तास दुसऱ्याच्या घरात गेला.

आली. गाडीतून उतरताना ओढणी नाकाला. घरात सासूबाईंनी पेला पुढे केला. "पानी घे गो. उकळलेलं हाय." तिनं स्वतःची बाटली दाखवली. सासूबाईंनी पेला मागे घेतला आणि तिच्यासमोर उभं राहून स्वतः प्यायल्या, सगळा.

वरची खोली ट्रान्सप्लांटच्या वेळी बांधलेली. फरशी, खिडकीला जाळी, आत बाथरूम. मुलीनं कपाटामागे बोट फिरवलं. धूळ निघाली नाही. तिनं पुन्हा फिरवलं. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. मग सर्वात खाली एक चौकट होती, इतर शेरा. तिथे तिनं इंग्रजीत लिहिलं आणि सहीसाठी माझ्यापुढे फॉर्म ठेवला. बोट सहीच्या जागेवर. मी वरचं वाचीन असं तिला वाटलं नव्हतं.

लिहिलं होतं: मच्छीमार वस्ती. कुटुंब सूचना पाळेल याबद्दल शंका.

मी वही आणली. सोसायटीची बर्फाची लांब वही, तेच रकाने. बोटीच्या नावाच्या जागी तारीख. पुढे सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, प्यायलेलं पाणी, औषधं, चादर बदलली, खोलीत कोण आलं. ट्रान्सप्लांटनंतरचे शंभर दिवस, याच खोलीतले. बोंबील सुकवायच्या काठ्या शंभर दिवस दुसऱ्याच्या अंगणात होत्या. शंभर दिवसांत ताप दोनदा. दोन्ही वेळा किती मिनिटांत हॉस्पिटलला कळवलं, फोन कोणी घेतला, सगळं लिहिलेलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही नर्स आहात?"

"नाही. मी बोटींचा बर्फ लिहिते."

ती पानं उलटत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मी छोटी माणूस आहे. कमिटीला हे लिहावं लागतं."

"कुठल्या नियमानं? नंबर सांगा."

नंबर नव्हता. फॉर्म मी पूर्ण वाचला होता, संमतीपत्राची पानंसुद्धा. संशोधनातल्या आपल्या मोलाच्या सहभागाबद्दल आभार, असं त्यात तीन ठिकाणी आहे. म्हणजे विल्सनच्या पेशी मोलाच्या. नळीतून काढल्या, थंड डब्यात ठेवल्या, प्रयोगशाळेत नेल्या की त्यांना वास नाही. वास घराला. शंका माणसावर. एवढं मोठं शास्त्र, पेशीला शत्रू ओळखायला शिकवतं, आणि ते शास्त्र घेऊन आलेल्या मुलीला धुतलेली फरशी ओळखता येत नाही. कीव करावी इतकीही तिची लायकी मला वाटली नाही.

शेऱ्याखाली मी मराठीत लिहिलं: वरील शेरा मान्य नाही. शंभर दिवसांची नोंदवही सोबत. नाकारल्यास कारण लेखी द्यावे. मग सही केली. फॉर्म घेऊन नाक्यावर गेले आणि तिच्या डोळ्यांदेखत झेरॉक्स काढली. वहीचीही. ती गाडीत बसून होती.

आज अकरावा दिवस. उत्तर नाही. रोज दहा वाजता मी फोन लावते, एकच प्रश्न विचारते, फोन घेणाऱ्याचं नाव लिहून घेते. परवा कोणीतरी म्हणालं, तोंडी सांगितलं तर चालेल का? चालणार नाही, मी म्हणाले. बाईंचा मेसेज आला, इतकी वर्षं ओळख ठेवली त्याचं हे फळ. उत्तर दिलं नाही. ते माझ्या कामांच्या यादीत नव्हतं.

माझी नणंद माझ्याशी बोलत नाही. जे बोलली ते एकदाच. "तुझ्या ताठ्यापायी माझा भाऊ जाईल." मी तिला खोटं ठरवू शकत नाही. जाऊ शकतो. गाठ थांबलेली नाही, रोज मी बोटांनी बघते आणि लिहिते. पण त्या फ्लॅटमध्ये तो राहिला असता तर दर वेळी लघवीला जाताना परवानगी मागत राहिला असता, आणि तशा घरातही माणूस जातोच. विल्सनला मी सरळ विचारलं, चुकलं का माझं? तो म्हणाला, "परत विरारला नेशील तर पोहत येईन."

दोन्ही याद्या मी जपून ठेवल्या आहेत. बाईंची मोबाईलमधल्या फोटोत, माझी कागदावर. माझ्या यादीवर मी उभी रेघ मारली आहे, तांडेलची टोपी खुंटीवर परत टांगली आहे. यापुढे कोणाच्याही फॉर्मवर आमचा पत्ता एकच. नाकारायचं असेल त्यानं त्याखाली कारण लिहावं, नाव लिहावं आणि सही करावी. त्यासाठी मी वहीत नवीन पान काढलंय. रकाने आखून झालेत.