घुमण्याला इंग्रजीत काय म्हणतात

साताऱ्याच्या कॉलेजात आमच्या सरांनी एक अख्खा तास भीतीच्या इंग्रजी शब्दांवर घालवला होता. फिअर म्हणजे साधं भय. ड्रेड म्हणजे पुढं काहीतरी वाईट येऊ घातलंय याची धास्ती. हॉरर म्हणजे डोळ्यांनी पाहून उडालेला थरकाप. अनकॅनी, म्हणजे ओळखीचंच असून परकं वाटणारं. आणि ईरी. इथं सर जरा थांबले. "समोर काहीच नसतं, तरी अंगावर काटा येतो. ते ईरी." मला ते शब्द फार आवडले होते. कधी तोंडून काढायला मिळतील याची मी वाटच बघत होते. तशी वेळ आली आत्तीच्या अंगणात.

आत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. पाटणच्या पलीकडं, कोयनेच्या खोऱ्यात तिचं घर. सदुसष्टच्या भूकंपात त्या घराची मधली भिंत पडली आणि तिच्याखाली तिची मुलगी गेली. माझ्याच वयाची होती. दिवाळीला आम्हा दोघींना एकाच ताग्यातलं परकराचं कापड यायचं. पुढं घर पुन्हा उभं राहिलं, पण आत्ती आत झोपायला कधी गेली नाही. अंगणात कुडाचं छप्पर घालून घेतलं आणि भर पावसाळ्यातही तिथंच राहिली. जमीन अजून अधूनमधून हलायची. हलण्याआधी खालून आवाज यायचा. खोऱ्यातली माणसं एवढंच म्हणायची, "घुमलं."

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराला एक तरुण संशोधक त्या बाजूला आला. बंगालकडचा. मराठीचा गंध नाही, हिंदीही बेताचीच. मी सुट्टीला आत्तीकडं आले होते, म्हणून सरपंचांनी मलाच त्याच्याबरोबर धाडलं. तो घरोघर एकच विचारायचा, आवाज कसा येतो? कुणी म्हणालं, ट्रक गेल्यागत. कुणी म्हणालं, सुरुंग उडाल्यागत. मी इंग्रजीत सांगायची, तो लिहून घ्यायचा. फिरत फिरत आम्ही आत्तीच्या दारात आलो.

आत्ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "जातं फिरवल्यागत येतो. लय खाली कुणीतरी एकटंच दळत बसल्यागत."

मी सांगितलं. तो खूश झाला. त्या आवाजाची भीती वाटते का, असं त्यानं विचारायला लावलं.

"आवाजाचं भ्या न्हाई वाटत," आत्ती म्हणाली. "त्यो थांबला का मग वाटतं. कुत्री गप, कोंबड्या गप, झाडाचं पान हलत न्हाई. तवा मला वाटतं, आता ती हाक मारंल. त्या येळंला मारली हुती नव्हं. 'आये' म्हनली. मी भाईर, ती आत. पुन्यांदा एकदा म्हनली. मग न्हाई."

मुलगी जाताना हाका मारत होती हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्तीचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, उंबऱ्यात उभे होते. ते तोंड फिरवून मागच्या परसात निघून गेले.

तो तरुण माझ्याकडं बघत होता. माझ्या मनात सरांचे सगळे शब्द येऊन गेले. ती शांतता ईरी होती, यात शंका नव्हती. पण त्या शांततेत आत्ती जे करत होती त्याला मला शब्द सापडेना. मग मी शब्द शोधायचं सोडलं आणि सरळ सांगितलं, की आवाज थांबला की ही मेलेल्या मुलीच्या हाकेची वाट बघते.

त्यानं पेनाला टोपण लावलं. मुलगी केवढी होती, विचारलं. "माझ्याएवढी," मी म्हणाले.

"त्येला इचार गं," आत्ती म्हणाली, "परत व्हनार का तसं?"

ते कुणालाच सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मी तसंच सांगितलं.

"खरं बोलला," आत्ती म्हणाली. "बाकीचे उगं न्हाई न्हाई म्हनत्यात." आणि तिनं ओंजळभर शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले.

पुढं दोन-तीन वर्षांनी माझ्या आतेभावाला सांगलीजवळच्या साखर कारखान्यात नोकरी लागली. मामांना दम्यानं धरलं होतं, डॉक्टर जवळ हवा, म्हणून त्यानं दोघांना सांगलीला आणलं. आत्ती यायला तयार नव्हती. मामांसाठी आली. तोवर मीही सांगलीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. रविवारी त्यांच्याकडं जायची.

तिथं ती चार भिंतींच्या आत झोपायची. झोपायची म्हणजे आडवी व्हायची. डोळे खोल गेले होते.

"हितली जमीन मुकी हाय गं," एकदा म्हणाली.

"बरंच की, आत्ती."

"व्हय, बरंच." मग म्हणाली, "तिकडं घुमलं का वाट तरी बघाय यायची. हितं काय बघू?"

तिनंच विषय बदलला. "त्या पोराला तवा काय सांगितलंस? इंग्रजीत भ्याला काय म्हनत्यात?"

मी सगळे शब्द एकेक करून सांगितले. ईरीपाशी तिनं मला अडवलं. "ईर? पान्याची?" आमच्याकडं विहिरीला ईरच म्हणतात. मी हसले, तीही हसली. सांगलीत मी तिला तेवढंच एकदा हसताना पाहिलं. मग म्हणाली, "पर बराबर हाय. वाकून बघितलं का तसंच हुतं."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आजार असा नव्हताच. जेवण तुटत गेलं आणि एका सकाळी उठली नाही. राख कोयनेत सोडायची असं मामांनी ठरवलं, म्हणून आतेभाऊ, मामा आणि मी एस.टी.नं निघालो. नदीवरचं सगळं उरकल्यावर मामा गावातल्या जुन्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसले ते उठेनात.

"दादा, चला, गाडी चुकंल," आतेभाऊ वडिलांना म्हणाला.

"तू जा रं. माझी दोगी हितं हायती. मी तिकडं येऊन काय करू?"

"आवं, पर तुमचा दमा?"

"असू दे."

आतेभावानं पुष्कळ समजावलं, शेवटी चिडलाही. मामा नुसते मान हलवत राहिले. शेजारीण म्हणाली, राहू दे चार दिवस, आम्ही बघतो. ते परत सांगलीला आलेच नाहीत.

आम्ही दोघंच निघालो. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. आतेभावानं दोन चहा घेतले. स्वतःचा प्याला तसाच हातात धरून गार होईपर्यंत उभा राहिला. म्हणाला, "दादांसाठी कालच खाटंला नवी नवार भरून आणली हुती." मग प्याला बाकावर ठेवून तो सांगलीची गाडी कुठं लागते ते बघायला गेला.