डिंडोलीच्या बाटल्या

“उद्यापासून आंघोळ करून येत जा.”

साहेब असं म्हणाले. मराठीत, हळू आवाजात. बाजूला दोन गुजराती पोरं उभी होती, जीपचा ड्रायव्हर होता, विमानाचा मेकॅनिक होता. त्यांना कळू नये म्हणून मराठीत. आणि वर पुन्हा म्हणाले, “आपल्यातलं आपल्यात सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. तुमच्याकडचा धूर अंगाला बसतो ना, त्यानं सॅम्पल बिघडतं.”

मी आंघोळ करूनच आले होते. थंडीत, गार पाण्यानं, डोक्यावरून. वेणी अजून ओली होती, कुडता पाठीला चिकटला होता. हे सगळं त्यांना दिसत होतं. मी सांगायला हवं होतं. मी काय बोलले? “हो सर.”

त्या ‘हो सर’ची लाज अजून गेलेली नाही.

प्लेगनं सुरत बदनाम झाली, त्यानंतरची गोष्ट. मी केमिस्ट्री घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते. बाहेरगावाहून शास्त्रज्ञांची एक तुकडी आली होती, सुरतेवरच्या हवेत काय काय आहे ते शोधायला. त्यांचं छोटं दोन पंख्यांचं विमान होतं. नाकाशी स्टीलची नळी पुढे काढलेली. विमान उडालं की नळीतून हवा आतल्या यंत्रात जायची. कार्बन मोनॉक्साइड किती, ओझोन किती, वर हवेला धक्के किती बसतात, सगळं मोजायचं.

विमान वरची हवा घेणार. खालची हवा जमिनीवरच्या माणसांनी घ्यायची, तीही विमान डोक्यावर येईल त्याच वेळी. म्हणजे खालचा धूर किती वर चढतो ते कळतं. त्यासाठी आमच्यासारखी कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं रोजावर घेतली होती. सुरतेच्या कडेला डिंडोली, तिथली जागा म्हणजे आमच्याच चाळीची गच्ची. मी तिथं राहते म्हणून ती मला दिली.

तुकडीचे मुख्य ते साहेब. माणूस शिकवायचा छान, खोटं कशाला बोलू. रात्री धूर जमिनीला धरून बसतो, ऊन पडलं की जमीन तापते, हवा उकळल्यासारखी वर येते आणि धुराला घेऊन जाते, हे त्यांनी हातांनी करून दाखवलं होतं. मी तोंड उघडं टाकून ऐकलं. असं काम आयुष्यभर करायला मिळालं तर, असं वाटून गेलं.

पहिल्या दिवशी साहेब खूश पण झाले होते. “अरे वा, मराठी! आपलं माणूस!” मग गाव विचारलं. आम्ही अकोल्याकडचे, तसं सांगितलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. साहेब म्हणाले, “अच्छा, अच्छा.” ते दुसरं ‘अच्छा’ ज्यांना कळतं त्यांना कळतं.

विमानाच्या नळीला कोणी हात लावायचा नाही, हा नियम होता. बरोबरच आहे, हाताचा घाम नळीत जातो. पण ती दोन पोरं नळीला टेकून फोटो काढून घ्यायची, तेव्हा नियम चहा प्यायला गेलेला असायचा. मी नुसती वाकून बघायला गेले की नियम धावत यायचा. “ए, लांब. हात लावू नकोस.” विज्ञानाचा नियम कुठे संपतो आणि आजोबांच्या गावचा नियम कुठे सुरू होतो, मला ओळखता यायचं नाही. मग मी स्वतःलाच दोषी धरायचे. आपलंच काहीतरी चुकत असेल. ही सवय आम्हाला शाळेपासून लागलेली असते.

आणि मला ते काम जाऊ द्यायचं नव्हतं. चाळीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी मला जिन्यात अडवलं होतं. चाळीत निम्मे लोक डाइंग मिलमध्ये, निम्मे लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात. सगळ्यांची पोरं खोकणारी. माझे बाबाही डाइंग मिलमध्ये, रात्रभर खोकायचे. बायकांनी विचारलं, “आपुन काय हवा ओढून राह्यलो, ते तुह्या बाटलीतून कळंल काय व?” मी म्हटलं, “कळेल. मी सांगीन तुम्हाला.” शब्द देऊन बसले होते.

बाटली म्हणजे काचेचा गोल फुगा, आतली हवा पंपानं काढून घेतलेली, तोंडाला तोटी. वाऱ्याकडे तोंड करायचं, हात लांब करायचा, श्वास रोखायचा आणि तोटी उघडायची. बाहेरची हवा सुस्स करून आत शिरते. तोटी घट्ट बंद केल्यावरच श्वास घ्यायचा, नाहीतर आपलाच श्वास बाटलीत जातो. मी हे घरात पाण्याच्या तांब्यावर करून करून शिकले होते.

पहिल्या काही दिवसांत मी भरलेल्या एक-दोन बाटल्या यंत्राला लावून पाहिल्या, त्यांत धूर फार निघाला. साहेब म्हणाले, “हा गिरणीचा धूर नाही, तुमच्या चुलींचा आहे. हे आम्हाला नकोय.” आणि मग ते आंघोळीचं.

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी माझीच बाही हुंगून पाहिली. येत होता वास, कोळशाचा. चाळीत शिरले तर दारोदार शेगड्या पेटलेल्या. लूमच्या खात्यातून आणलेल्या चिंध्या खाली घालून बायका कोळसा धरवत होत्या. काळा धूर, डोळ्यांत जाणारा. लहानपणापासून बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची शिसारी आली.

मायनं विचारलं, “काऊन व, कोणी काही म्हणलं काय?”

“तुमच्या शेगड्यांनी माझं काम बिघडतंय,” मी म्हणाले.

‘तुमच्या’ म्हणाले. ‘आपल्या’ नाही म्हणाले.

मायला ते टोचलं असेल. तिनं दाखवलं नाही. “एवढंच होय? मंग उद्या नाई पेटवत आपुन. सांगतो मी साऱ्यायले.” आणि ती खरंच दारोदार गेली. कोणी नाही म्हटलं नाही. उलट बायकांना कौतुक. आपल्या पोरीचं विमान येणार म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळ ओळखू येईना. अंगण झाडलेलं, सडा टाकलेला, एक शेगडी पेटलेली नाही. पहिल्या पाळीचे पुरुष तसेच गेले होते, ना चहा ना भाकर. बाबाही. मी गच्चीवर गेले. विमानाचा आवाज आला. श्वास रोखला, तोटी उघडली, सुस्स झालं, तोटी बंद केली. सगळं अगदी साहेबांनी सांगितलं तसं. मग श्वास घेतला.

उदबत्तीचा वास आला. मोगऱ्याच्या उदबत्तीचा, डोकं भणभणेल एवढा.

कठड्यावरून खाली पाहिलं. दाराशी दाराशी उदबत्त्या, विमानाचा आवाज आल्या आल्या लावलेल्या. कोणी बटाट्यात खोचलेल्या, कोणी केळ्यात, कोणी विटांच्या फटीत. खालच्या खोलीतल्या शेवंतामावशीनं विहारात लावायचा अख्खा पुडा मोडला होता. पाहुणा यायचा तर घर सुवासाचं हवं, आमच्यात तशीच रीत आहे. माझी बाटली हवा न्यायला येणार, तर हवाही चांगली द्यायला नको? मावशी खालून हात हलवत म्हणाली, “आता चांगली हवा भेटली ना व, बाई?”

मी श्वास रोखून उभी होते म्हणून मला आधी काही कळलंच नाही. उदबत्ती म्हणजे धूरच की. बाटली वाया गेली होती. पण मावशीला काय सांगणार? “भेटली, मावशी,” म्हणाले.

धावपट्टीवर जाऊन मी साहेबांना सगळं खरं सांगितलं. मूग गिळून गप्प बसले असते तर यंत्रात आकडा काहीतरी भलताच आला असता. म्हटलं, कामाशी बेइमानी नको. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं झालं.

साहेब हसले. मोठ्यानं, पोट धरून. मग सगळ्यांना बोलावून हिंदीत सांगितलं, “सुनो, इनके मोहल्ले ने जहाज की आरती उतारी!” पोरं हसली, मेकॅनिक हसला, ड्रायव्हर हसला.

आणि मी हसले.

कोणी माझं तोंड धरून हसवलं नव्हतं. मी आपणहून हसले आणि वर म्हणाले, “काय करणार सर, आमच्याकडची माणसं अशीच अडाणी.” माझी माय अडाणी. शेवंतामावशी अडाणी. उपाशीपोटी पाळीवर गेलेला माझा बाप अडाणी. मी तेवढी शहाणी, कारण मी साहेबांच्या बाजूला उभी राहून हसत होते.

साहेबांनी डोळे पुसले. पोरांना म्हणाले, “डिंडोली की सब बोतलें कल खाली कर दो.” सगळ्या. उदबत्तीची एकच नव्हे, आधीच्याही. डिंडोलीची जागाच रद्द केली. त्याऐवजी अठव्याकडच्या, श्रीमंत वस्तीतल्या एका बंगल्याची गच्ची धरायची, तिथं म्हणे हवा स्वच्छ असते. मग माझ्याकडे वळून, पुन्हा मराठीत, पुन्हा हळू, “सवलतीत पदवी मिळते, बाळ. समज नाही मिळत.”

मी मान डोलावली आणि बस धरली.

घरी आले तर बाबा खाटेवर पडलेले. मिलमध्ये वाफेच्या मशीनपुढे त्यांना भोवळ आली होती. पोटात काही नव्हतं. सोबतच्या माणसानं हात धरून घरी आणून सोडलं होतं. मला बघून त्यांनी मान वर केली.

“भरली काय बाटली?”

“भरली,” मी म्हणाले.

“मंग झालं,” म्हणाले आणि खोकत भिंतीकडे वळले.

माय माझ्यासमोर ताट सरकवत म्हणाली, “उद्या बी नाई पेटवत शेगड्या. उदबत्त्या तं कमी नाई पडल्या?”

तिनं असं विचारलं आणि माझ्यात काहीतरी तुटलं. ही बाई आणखी एक दिवस सगळ्या चाळीला उपाशी ठेवायला तयार होती. कशासाठी? एका माणसाला आमच्या धुराचा वास सहन होत नाही म्हणून. आणि तो वास मीच गुन्ह्यासारखा साऱ्या चाळीच्या माथी मारला होता. शेगडी काय आम्ही हौसेनं पेटवत होतो? गॅस आमच्या गल्लीत आला होता का? मिलचा धूर नाकात जातो आणि शेगडीचा काय बाहेर थांबतो? पोरांच्या छातीत सगळा एकच होतो. त्या बाटल्यांत जे होतं तेच आम्ही ओढत होतो. साहेबांना ते नको होतं. आम्हाला तेच तर हवं होतं.

सकाळी उठून शेगडी मी पेटवली. मायला म्हटलं, “भाकरी टाक.” भाकरी खाऊन निघाले.

अठव्याला गेलेच नाही. सरळ धावपट्टीवर गेले. आमच्या बाटल्यांची पेटी जमिनीवर काढून ठेवलेली, शेजारी पंप. साहेब चहा पीत होते. मी पेटीपुढे उभी राहिले.

“साहेब, उदबत्तीची एक बाटली रिकामी करा. ती चूक आमची. बाकीच्या यंत्राला लावा.”

“त्यात चुलींचा धूर आहे. आपण शहराची हवा मोजतोय.”

“मग डिंडोली कुठल्या शहरात आहे?”

साहेबांनी कप खाली ठेवला. आवाज उतरवून म्हणाले, “हे बघ, इथं सगळ्यांसमोर नको. आपल्यातलं—”

मी वळले. पोरांकडे, ड्रायव्हरकडे, मेकॅनिककडे. आणि गुजरातीत, जीपपाशी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, “साहेबे मने कह्युं के कालथी नाहीने आवजे.” आंघोळीचं ते सांगून झाल्यावर सवलतीचं आणि समजेचंही सांगितलं. एकेक शब्द. मराठीच्या आडोशाला बसून त्यांनी जे जे टाकलं होतं, ते सगळं उन्हात काढून ठेवलं.

कोणी हसलं नाही. ड्रायव्हर आपल्या चपलांकडे बघत राहिला.

साहेब लाल झाले. “तुझा गैरसमज झालाय.”

“नाही झाला. मराठी मला येतं.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येणार. पण हे बोललात, ते तुम्ही बोललात.”

त्यांनी पोराला खूण केली. पोरानं माझ्याकडे बघितलं नाही. पंपाचं बटण दाबलं. एकेक बाटली लावत गेला आणि आमची हवा ओढून बाहेर टाकत गेला. मी शेवटची बाटली होईपर्यंत तिथंच उभी राहिले. मग चालत निघाले.

संध्याकाळी चाळीतल्या बायकांना जिन्यात बसवलं आणि सांगितलं की बाटल्या गेल्या, आपल्याला काही कळणार नाही. दिलेला शब्द मोडला. आणि ते हसण्याचंही सांगितलं. ते दडवून ठेवलं असतं तर मला त्यांच्यात बसायचा हक्क उरला नसता.

माय म्हणाली, “हसली तू?”

“हो.”

ती उठून आत गेली. शेवंतामावशी पदराचं टोक चाचपत बसली. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अंगाला धुराचा वास येतो म्हणून जे अपराधी वाटायचं, ते मी त्याच दिवशी फेकून दिलं. ते माझं नव्हतंच, साहेबांचं होतं. हसले त्याचा अपराध मात्र माझाच आहे. तो कोणी माफ करावा असं मला वाटत नाही. तो आहे म्हणून मी ताठ राहते.

मी पुढे एम.एस्सी. केलं. हेच काम धरलं. आता बाटल्या मी भरून घेते, पोरं माझ्या हाताखाली आहेत. वस्तीत गेलो की एखादं विचारतंच, “मॅडम, बायकांना चुली बंद करायला सांगू?”

मी सांगते, कोणाला काही बंद करायला सांगायचं नाही. माणसं जी हवा ओढतात तीच भरायची. ज्याच्या गणितात ती बसत नसेल त्यानं गणित बदलावं. स्वयंपाक थांबणार नाही.