काळी पाच, पांढरी पाच

माझी पट्टी काळी पाच. म्हणजे, होती. गाणाऱ्याचा सा किती उंचीवर लागतो, त्याला आपल्याकडे पट्टी म्हणतात, आणि तिचं नाव पेटीवरून पडतं. काळ्या पट्ट्या मोजत गेलं की पाचवीवर माझा सा. नागपूरला मी शाळकरी असताना गाण्याच्या बाईंनी माझा आवाज पेटीवर ताडून पाहिला, त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ही तुझी जागा. क्लासातल्या बाकीच्या मुली काळी चारला गायच्या. त्याची मला केवढी मिजास होती, काही विचारू नका. कुणाला केसांचा गर्व असतो, कुणाला मार्कांचा. मला पट्टीचा होता.

लग्न होऊन अमेरिकेत शॉमबर्गला आले, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीत अडकले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. रोज सकाळी फोनवर तंबोऱ्याचं ॲप सुरू करायचं, चहाला उकळी येईपर्यंत सा धरून उभं राहायचं आणि खिडकीतून मागच्या तळ्यावरचं धुकं हलताना बघायचं. त्या धुक्यात गीज, म्हणजे इथले रानहंस, असायचे, माना वर करून, कशाची तरी वाट बघत असल्यासारखे. तेवढा वेळ मी नेमकी कुठे आहे ते मला ठाऊक नसायचं. नागपूर नाही, इलिनॉय नाही. एक सूर, थोडी वाफ, आणि मी. मग नवरा यायचा, चहा उतू चाललाय म्हणायचा, आणि दिवस सुरू व्हायचा.

आमच्या लेकीचा कान मात्र वेगळाच निघाला. आपल्याला लाल रंग दिसला की तो लाल आहे हे कुणी सांगावं लागत नाही ना, तसं तिला सुराचं. मायक्रोवेव्ह शेवटी कुठल्या सुरात वाजतो, गॅरेजचं दार कुठल्या सुरात कुरकुरतं, हे ती भात खाता खाता सांगायची. आम्हाला आधी वाटलं पोरगी फेकते आहे. मग नवऱ्याने पेटी काढून पडताळून पाहिलं, तर प्रत्येक सूर बरोबर निघाला.

ती चारेक वर्षांची असताना माझी बहीण नागपूरहून राहायला आली होती. मी ऑफिसात अडकले म्हणून एके दिवशी दुपारी मावशीने भाचीला थोपटत अंगाई म्हटली. मी रोज म्हणायचे तीच, आमच्या आईची. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. हे आईचं गाणं नाही, एवढंच म्हणायची. मावशी म्हणे, अगं तेच शब्द, तीच चाल, काऊन रडून राहिली? पण ती अडून बसली ती बसलीच. मावशीला आजपर्यंत तो अपमान वाटतो. मोठी झाल्यावर लेकीने समजावून सांगितलं, की मावशीचा आवाज खालचा आहे आणि आईचं गाणं बी-फ्लॅटमध्ये असतं. बी-फ्लॅट म्हणजेच आमची काळी पाच.

आता आपल्या गाण्यात असलं काही नसतं. आपला सा कुठेही ठेवा. पुरुष काळी एकला गाईल, बाई काळी पाचला, राग तोच राहतो. उदास व्हायचं की उल्हसित, ते राग ठरवतो. पट्टी बिचारी नुसती जमीन. मी तेच गृहीत धरून चालले होते आणि त्यापायी एकदा माझं चांगलं हसं झालं.

लेक तेव्हा शाळेत होती आणि चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, शिकत होती. तिच्या टीचर एक वयस्कर बाई, घरात जुना गालिचा, त्यावर झोपाळू कुत्रा. एक तुकडा तिला काही केल्या जमेना. बोटं अवघडायची, डोळ्यांत पाणी यायचं. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते, मला राहवेना. म्हटलं, एवढा त्रास होतोय तर दोन पट्ट्या खाली घेऊ द्या ना तिला. लेकीने कपाळाला हात लावला. टीचर हसता हसता चष्मा पुसायला लागल्या. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की ज्याने हे लिहिलं त्याला नेमकं या जागेवरचं दुःख हवं होतं. खाली नेलं तर चाल तीच राहील, दुःख दुसरं होईल. त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक पट्टीचा स्वभाव मानतात. एखादी सणासमारंभाची, रणशिंगांची, एखादी शोकाची, एखादी नुसती संध्याकाळची. यातलं अर्धंअधिक सवयीनं आलंय असं जाणते म्हणतात, पण आयुष्यभर वाजवल्यावर मला तरी ते खरंच वाटतं, असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, काहीतरीच. गाडीत बसल्यावर लेकीने मला बजावलं, की प्लीज, परत असं काही विचारायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या थायरॉइडवर गाठ निघाली. काढावी लागणार होती. सर्जन भला माणूस होता, त्याने चित्र काढून दाखवलं, की आवाजाची नस अगदी गाठीला चिकटून जाते, जपू, पण आवाज थोडा बदलू शकतो. नवऱ्याने विचारायचं ते सगळं विचारलं, गाठ कसली, पुढे काय. मी एकच विचारलं, मला गाता येईल ना? नवरा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं असेल, हिला जिवाचं काही नाही, गाण्याचं पडलंय. तसंच होतं ते.

ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. त्या औषधांच्या गुंगीतले दिवस मला अजून नीट आठवत नाहीत, म्हणजे आठवतात, पण पाण्याखालून दिसावं तसे. बाहेर बर्फ पडत असायचा, सगळी खोली पांढुरक्या उजेडाने भरलेली, आणि मला वाटायचं मी गाते आहे. मोकळ्या गळ्यानं, सावकाश, एकेका सुरावर रेंगाळत. कुणीतरी समोर बसून ऐकतंय. जाग यायची तेव्हा घरात हीटरची घरघर तेवढी असायची.

खरं गायला बसले तेव्हा काळी पाचपर्यंत गळा चढेचना. फाटायचा. त्याहून खाली, पांढरी पाचच्या आसपास कुठेतरी जेमतेम उभा राहायचा. आधी वाटलं, सूज उतरली की येईल. सूज उतरली, उन्हाळा आला, तळ्यावर गीजची पिल्लं आली, माझी पट्टी काही आली नाही. केस तर काळ्याचे पांढरे झालेच होते, आता पट्टीही झाली म्हणून मी हसायचे. मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

नवरा पुण्याचा. न विचारता सल्ला द्यायचा आणि वर तो बरोबर असायचा, हे त्यांच्या घराण्यातच आहे. म्हणाला, खाली गा ना मग, सा तो सा, तुमच्याच शास्त्रात आहे. इतका राग आला मला. कारण त्याचं खरं होतं. शास्त्रात पट्टीला किंमत नाही, पण माझ्यात होती ना! मी फोनवरून ॲप काढून टाकलं. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगितलं, वेळच मिळत नाही गं. गणपतीत आरतीला नुसते ओठ हलवले.

पण खरी भीती मंडळाची नव्हती. बाकीच्या कुणाला काय कळणार होतं? कळणार होतं लेकीला, आणि पहिल्याच सुराला. त्या कानासमोर हा फाटका आवाज काढायची माझी छाती होईना. तिच्या डोक्यात माझं गाणं जसं आहे तसंच राहू दे, मग मी मेले तरी चालेल, इथपर्यंत मी आले होते. वेडेपणाच, पण त्या वेळी तो अगदी शहाणपणा वाटत होता.

डिसेंबरात ती ॲन आर्बरच्या कॉलेजातून सुट्टीला आली, इंजिनिअरिंगची परीक्षा संपवून, चेलोला ट्रेनमध्ये शेजारच्या सीटवर बसवून. दोनतीन सकाळी तिने स्वयंपाकघरात येऊन कान दिला. मग विचारलं, तू गात का नाहीस? मी विचारलं, पोह्यांवर शेव घालू का? तिने शेव घालून घेतली.

त्या दुपारी बर्फ फार पडत होता. नवरा ड्राइव्ह-वे साफ करायला गेला होता. मी सोफ्यावर शाल घेऊन पडले होते, डोळा लागला होता. लेक शेजारच्या खोलीत चेलो जुळवत होती. दोन तारा एकदम वाजवत होती, सावकाश, गज या टोकापासून त्या टोकापर्यंत. झोपेत मला तो तंबोराच वाटला. कुठल्या गावचा, कुणाचा, कळेना. पण ओळखीचा होता आणि माझ्यासाठीच लावला होता. खिडकीतला पांढरा उजेड माझ्या पापण्यांच्या आत आला होता. मी तोंड उघडलं आणि सा लावला. तो लागला. अडकला नाही, फाटला नाही. मी त्यावर हात टेकून बसल्यासारखी बसले आणि तिथून अंगाईची पहिली ओळ आपोआप निघाली.

चेलो थांबला. मी जागी झाले. लेक दारात उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी येत होतं.

"झोपेत होते गं," मी म्हटलं. चोरी पकडली गेल्यासारखं झालं मला.

"हा बी-फ्लॅट नाहीये," ती म्हणाली.

"नाही. तो आता येत नाही. आता हेच आहे."

ती सोफ्याच्या कडेवर बसली. शालीचे धागे ओढू लागली. मग सांगायला लागली, अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी. पहिल्या सेमिस्टरला तिला घरची फार आठवण यायची. तेव्हा ती प्रॅक्टिस रूममध्ये जाऊन तो एकच सूर वाजवत बसायची. गाणं नाही, काही नाही, नुसता बी-फ्लॅट. फोन केला तर मी काळजी करीन म्हणून फोन करायची नाही, तो सूर वाजवायची.

"तू नेहमी तिथे असायचीस," ती म्हणाली.

वर्षभर मी माझं गेलं म्हणून रडत होते. शास्त्राप्रमाणे बघितलं तर माझं काहीच गेलं नव्हतं. सा उचलायचा आणि खाली ठेवायचा. गेलं होतं ते तिचं. टीचरबाईंच्या ज्या बोलण्याला मी काहीतरीच म्हटलं होतं, ते माझ्यासमोर बसून बाहीला नाक पुसत होतं. मी तिला जवळ घेतलं आणि आईने म्हणावं ते म्हटलं, की राजा, सा कुठेही धरता येतो. ती म्हणाली, तुला येतो. मला नाही येत. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. बाहेर नवऱ्याचं फावडं खरवडत होतं.

थोड्या वेळाने ती उठली आणि चेलो माझ्यासमोर घेऊन आली. म्हणाली, एक सांगू? काळी पाच माझ्या चेलोला कधीच सोपी नव्हती. मोकळ्या, न दाबलेल्या तारांत तुझा सा नाही, पंचमही नाही. दोन्ही बोटांनी दाबून धरायला लागायचे, आणि दाबलेली तार थोडी घुसमटते. इथे पांढरी पाचला दोन्ही मोकळे आहेत. एवढं बोलून तिने बोटं उचलली आणि त्या दोन तारांवरून नुसता गज ओढला. काही न दाबता. शेजारच्या तारासुद्धा आपोआप हलायला लागल्या. तो आवाज जमिनीतून सोफ्यात आला आणि सोफ्यातून माझ्या पाठीत.

"गा," ती म्हणाली.

मी डोळे मिटले आणि सा लावला. पण जागेपणी गळा झोपेतल्यासारखा कुठला ऐकायला! तिच्या तारेच्या जरासा खालीच लागला. पांढरी पाच नाही, तिच्या खालची काळी तीनही नाही. मधेच कुठेतरी, जिथे पेटीला पट्टीच नाही. मी वर ढकलून पाहिला, तो काही सरकेना. लहानपणापासून ही पोरगी बेसूर ऐकलं की दात दुखल्यासारखा चेहरा करते. मी थांबले. आता म्हणेल, आई, यू आर फ्लॅट, सूर उतरलाय. म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता, पण पुन्हा तोंडही उघडलं नसतं.

तिने हात वर नेऊन खुंटी धरली.

"सा दे, आई."

मी दिला. तिने एका हाताने गज ओढत, दुसऱ्या हाताने ती तार सैल केली, हळूहळू, तिच्या कानाकडे जिला नावच नाही अशा त्या जागेकडे, आणि ती येऊन मिळेपर्यंत मी सूर सोडला नाही.