काळ्या कागदाखालची रोपं

केंदूरच्या आमच्या रोपवाटिकेत मिरचीचे ट्रे उगवणीसाठी काळ्या कागदाखाली झाकले होते. भर दुपारी माझ्या वडिलांनी, आप्पांनी, कागद काढून ते उन्हात मांडले.

“रोपं पिवळी हायती. ऊन लागलं की हिरवी व्हतील.”

मी भडकलो. “आप्पा, जाळताय तुम्ही त्यांना! हरितलवकं आत्ता कुठं घडतायत. कडक उन्हात पानात पेशी जाळणारा जहाल ऑक्सिजन तयार होतो. तो मोडणारी विकरं आधी सावलीत वाढू देत की!”

आई डाळिंबावर सावलीसाठी टाकायची जुनी साडी घेऊन धावली. आम्ही ती ट्रेंवर ताणून बांधली.

दुसऱ्या दिवशी साडीखालची रोपं हिरवट दिसली. जिथं साडी पुरली नव्हती, तिथली ओळ पांढरीफटक. आप्पांनी डोक्याचा टॉवेल सोडून त्या ओळीवर पसरला.

एवढा भडकणारा मी, पण ‘आता उपयोग नाही’ म्हणायला धजलो नाही.